ब्वाना किपिमो आणि डोहातली पट्टी

फिदेलिस किकोटीला मी ओळखत होतो, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पुष्कळ वर्षं आम्ही एका गावात राहिलो, एका नदीचं पाणी प्यायलो आणि दिसेल तिथं एकमेकांना शिव्या घातल्या. पण त्याच्या आईचं नाव मला कळलं ते त्याच्या मयतात, चर्चच्या माणसानं त्याची माहिती वाचून दाखवली तेव्हा. त्याच माहितीत पुढं असंही होतं की दिवंगत किकोटी यांनी आयुष्यभर देशाच्या पाण्याची निष्ठेनं सेवा केली. तिथं मला खोकला आला. इतरांनाही आला असावा, पण ते सगळे त्याच्याच हेहे जमातीचे. त्यांनी तो गिळला.

मला गिळायचं कारण नव्हतं. मी गोगो जमातीचा. आमच्या पणजोबांनी एकमेकांची गुरं पळवली आणि माणसं मारली, त्याची फेड म्हणून आम्हा पतवंडांना एकमेकांची थट्टा करण्याचा हक्क मिळालेला आहे. थट्टेच्या सोयऱ्यानं काहीही बोलावं, समोरच्यानं राग धरायचा नाही. मयतात तर हा हक्क कर्तव्यच होतो. खड्ड्यापाशी आडवं उभं राहून मेलेल्याची टर उडवायची, घरच्यांनी तळहातावर काहीतरी टेकवलं की मगच वाट सोडायची. गावात मी एकटाच गोगो. मी मागं कोपऱ्यात उभा राहिलो आणि खड्ड्यापाशी गेलोच नाही. त्यामुळं किकोटी थट्टेवाचून पुरला गेला. हे बरं झालं नाही. एवढ्या मोठ्या माणसाला असं फुकट सोडू नये. तिथं बोलायचं राहिलं ते इथं लिहितो. लिहिण्याची मला सवय नाही, शाळेत पोरांना बेरजा-वजाबाक्या शिकवण्यात जन्म गेला.

गावात त्याला ब्वाना किपिमो म्हणत, म्हणजे मापवाले साहेब. आमच्या म्सोले नदीची पाणीपातळी वाचणं हे त्याचं काम. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा पट्टीवर नजर टाकायची, आकडा लिहायचा, महिनाअखेरी बसच्या ड्रायव्हरकडं कागद द्यायचा. शहरातल्या पाण्याच्या ऑफिसात असे सगळ्या नद्यांचे कागद येत आणि त्यांची बेरीज होऊन देशात पाणी किती आहे हे ठरे. काम एवढंसं, पण त्याच्या अंगी ते असं भिनलं होतं की जणू नदी त्याला विचारूनच वाहते. ऑफिसनं त्याला एक पिवळा रेनकोट दिला होता. पाठीवर सरकारी अक्षरं. तो कोट तो जुलैच्या, ऐन कोरड्या दिवसांच्या, धुळीत घाली, चर्चमध्ये घाली, लग्नात वऱ्हाडी मक्याच्या पिठाची उगाली वाढून घेत असत तेव्हा ताट हातात धरून मध्येच सांगे, "आज सकाळी एक मीटर अठरा." राजाच्या प्रकृतीची खबर द्यावी तसं. कुणी विचारलेलं नसे.

मी विचारायचो, "अरे किकोटी, पाण्याला ताप किती आहे?"

तो म्हणायचा, "गोगोनं पाण्याबद्दल बोलू नये. तुमच्या कोरड्या मुलखात गाईला आंघोळ घालायची तर आधी बिशपची परवानगी लागते."

असं आमचं चाले. त्याच्या शिव्या माझ्यापेक्षा चांगल्या असत, हे कबूल करावं लागेल. मला तर उत्तर सुचे ते घरी गेल्यावर, अंथरुणात.

पट्टी पूर्वी पुलाखाली होती, सिमेंटच्या खांबाला पक्की बसवलेली. नदी तिथं सरळ, अरुंद वाहते. किकोटीच्या घरापासून ती जागा लांब आणि उताराची. एल निनो आमच्याकडं पूर आणतो; त्या पावसात पुलाचा कठडा गेला, खांब गेला आणि पट्टीही गेली. पाणी ओसरल्यावर ती खाली कुणाच्या तरी उसात आडवी सापडली. आकडे शाबूत होते. किकोटीनं ऑफिसला कळवलं. ऑफिसनं कळवलं की माणसं येऊन बसवतील, तोवर वाट पाहा. माणसं आली नाहीत. गाडी होती तर डिझेल नव्हतं, डिझेल होतं तेव्हा साहेब परिषदेला होते. किकोटीनं पुष्कळ वाट पाहिली आणि मग आपल्या अकलेनं पट्टी रोवली. त्याच्या अकलेची एवढीच एक खूण आता गावात सांगण्यासारखी आहे.

रोवली कुठं, तर त्याच्या भावजयीच्या गुत्त्यामागच्या डोहात. भावजयीचं नाव स्कोला. पावसाळ्यात ती उलांझी विकायची, बांबूच्या कोंबातून गळणारी ताडीसारखी, आणि इतर दिवसांत मक्याची दारू. गुत्त्याच्या मागं बाकडं, बाकड्यापुढं डोह, डोहात पट्टी. हातातला पेला खाली न ठेवता देशाचं पाणी मोजता यायचं. सकाळच्या मापाला एक पेला, संध्याकाळच्या मापाला दोन. गावातले अर्धे बाप्ये त्या बाकड्यावर बसून आकडा बघायचे आणि त्याच्याआधी ओरडून सांगायचे. मीही बसलो आहे.

आता या डोहाचं असं आहे की त्याच्या तोंडाशी खडकाचा एक उंबरा आडवा पडला आहे. पाऊस संपल्यावर नदी आटत जाते, डोह उंबऱ्यापर्यंत उतरतो आणि तिथं थांबतो. मग वरून करंगळीएवढी धार येत असली तरी डोह आपला भरलेलाच. ऑगस्टात जो आकडा तोच ऑक्टोबरात. शहरातल्या ऑफिसात एक तक्ता होता. पट्टीवर इतकं पाणी असेल तर नदीतून इतकं वाहतं, असा. तो पुलाखालच्या अरुंद जागेसाठी केलेला. पट्टी डोहात बसली आहे हे तक्त्याला कोण सांगणार? त्यानं डोहाच्या आकड्यावरून नदी वाहवली. अशी नदी की ऐन कोरड्या दिवसांत तिच्यातून होडी जावी.

मधून मधून ऑफिसची माणसं पाण्याचा वेग मोजायला येणं अपेक्षित होतं. ती एकदाच आली, मार्चमध्ये, ऐन उलांझीच्या दिवसांत. स्कोलाच्या बाकड्यावर बसली, पट्टी पाहिली, ठाकठीक आहे म्हणाली आणि यंत्राची पेटी न उघडताच, एकमेकांच्या खांद्याला धरून परत गेली. पुढं ऑफिसनं किकोटीला मानपत्र दिलं. इतर नद्यांचे कागद खाड्यांनी भरलेले असत, कुणाचा रविवार रिकामा, कुणाचं भाताच्या कापणीत सगळं रिकामं. किकोटीच्या कागदात एकही खाडा नाही आणि आकडेही कसे, स्थिर. त्या मानपत्राला त्यानं काच लावून घेतली. डोह स्थिर असतो, डबकंही स्थिर असतं, मेलेला माणूस तर सगळ्यात स्थिर. पण मानपत्र देणाऱ्यांना नदी म्हणजे काय हे कागदावरूनच माहीत होतं.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे, नाहीतर थट्टेलाही खोट लागेल. त्यानं आकडा कधी मनानं लिहिला नाही. तापानं फणफणलेला असला तरी येऊन पट्टी बघायचा. तो लबाड नव्हता. लबाड परवडतो, खरं कुठं ठेवलं आहे हे त्याला निदान ठाऊक असतं.

आमच्या गावाचं पोट कोरड्या दिवसांत नदीकाठच्या ओलीवर चालतं. पाणथळ मातीचे उंच वाफे ओढायचे, त्यावर मका, घेवडा, भोपळा. याला आम्ही व्हिन्युंगू म्हणतो. पाऊस येईतो बायका हेच विकून शाळेच्या फिया भरतात. ऑक्टोबरात खालच्या वाफ्यांना भोपळ्याच्या वाटीनं पाणी घालावं लागतं, इतकी नदी बारीक होते. अशात वरच्या अंगाला एका बाहेरच्या कंपनीनं अव्होकाडोचा मळा घेतला आणि नदीतून उपसा करण्याची परवानगी मागितली. शहरातून गावाला कळवण्यात आलं की कोरड्या दिवसांतही नदीत भरपूर पाणी शिल्लक राहतं, ते मळ्याला द्यायला हरकत दिसत नाही, कुणाची असल्यास साहेब येतील तेव्हा सभेत सांगावी.

आमच्या गावच्या अध्यक्षा सेमेनीबाई. बाई अंगानं किरकोळ, पण चालायला लागल्या की कोंबड्या आपोआप वाट सोडतात. त्या शहरात जाऊन ऑफिसात बसल्या, त्यांना तिथं म्सोले नदीची रेघ दाखवण्यात आली, आणि ती रेघ पाहून सगळं त्यांच्या ध्यानात आलं. परत आल्या त्या थेट माझ्या दारात.

"गुरुजी, सभेत तोंड तुम्हाला उघडावं लागेल."

मी म्हणालो की मला सभेत बोलता येत नाही, पोरांपुढं ठीक आहे.

"कुणाला येतं? किकोटीचा भाऊ बोलणार नाही, गुत्ता बायकोचा. त्याच्या वयाचे बोलले तर अपमान, धाकटे बोलले तर पाप. मी बोलले तर म्हणतील बाईनं म्हाताऱ्याला चारचौघांत नागवं केलं. तुम्ही त्याचे थट्टेचे सोयरे. तुम्ही काहीही बोललात तरी त्याला राग धरता येत नाही. मग तुमचा उपयोग काय गावाला?"

हा शेवटचा प्रश्न मी स्वतःलाही पुष्कळदा विचारलेला होता. मी बघतो म्हणालो. त्या म्हणाल्या, बघायचं नाही, बोलायचं. आणि गेल्या.

सभा शाळेच्या वर्गात भरली. मोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे हनुवटीला लावून बसलेली. साहेब तरुण होता, बुटांवर आमची धूळ त्याला सहन होत नव्हती. फळ्यावरच्या माझ्या बेरजांवरच त्यानं आपला तक्ता टांगला. शेजारच्या नद्यांच्या रेघा डोंगरावरून उतरल्यासारख्या खाली खाली गेलेल्या, आमची मात्र थोडी उतरून बाजेवर आडवी पडलेली. साहेबानं छडी त्या आडव्या भागावर टेकवली आणि म्हणाला, ही तुमची श्रीमंती.

सेमेनीबाईंनी विचारलं की मग गेल्या साली घेवडा का वाळला. साहेब म्हणाला की ते एका शेतातलं निरीक्षण झालं, आणि हे कित्येक वर्षांचं रोजचं माप आहे. पहिल्या बाकावर पिवळ्या रेनकोटात किकोटी बसला होता. मान डोलवत होता.

मग सगळी डोकी माझ्याकडं वळली. ज्यांनी त्या बाकड्यावर बसून आकडे ओरडले होते, तीही. मी उभा राहिलो. गुडघे बाकाला आपटले. काय बोलायचं ते मी घोकून आलो होतो आणि त्यातलं काही आठवेना.

"किकोटी," मी म्हणालो, "सरकारनं तुझ्या हातात एक अख्खी नदी दिली. आणि तू ती स्कोलाच्या बाकड्याला बांधून ठेवलीस, शेळीसारखी. रोज संध्याकाळी बघतोस, शेळी आहे का? आहे. मग लिहितोस, आहे."

वर्ग हसला. फार हसला. दबून राहिलेलं हसू होतं ते. किकोटी उठला तो रागानं नाही, खुशीत. चारचौघांत, साहेबापुढं, गोगोनं त्याला छेडलं होतं. त्याच्यासाठी हा सणच.

"साहेब, याचं मनावर घेऊ नका. हा गोगो. यांच्याकडं नदी म्हणजे वाळूचा रस्ता. याला पाणी दाखवल्याशिवाय कळायचं नाही. चला, दाखवूनच टाकू."

आणि तो पुढं झाला. मागं साहेब, मागं अख्खी सभा. सेमेनीबाई माझ्या शेजारून चालत होत्या.

डोह भरलेला होता. स्कोलाचे धुतलेले पेले काठावर पालथे घातलेले, पाण्यात दोन बदकं. पट्टी ताठ उभी. साहेबानं आकडा पाहिला, आपल्या कागदाशी ताडला आणि त्याचं समाधान झालं. किकोटी माझ्याकडं बघून भुवया उडवत होता.

तेव्हा सेमेनीबाई पुढं झाल्या. डोहाला वळसा घालून उंबऱ्यापर्यंत गेल्या, खडकावरून खाली उतरल्या आणि नदी ओलांडून पलीकडं जाऊन उभ्या राहिल्या. लुगडं उचललं नाही, चपला काढल्या नाहीत. मग तशाच परत आल्या, साहेबासमोर एक पाय उचलून चपलेचा तळ दाखवला. तळ ओला होता. वरचा पट्टा कोरडा.

साहेबानं आधी त्या चपलेकडं पाहिलं, मग हातातल्या कागदाकडं. मग त्यानं विचारलं, "पट्टी इथं कुणी बसवली?"

"मी," किकोटी म्हणाला. "माझ्या हातानं. तुमची माणसं येईनात म्हणून." त्याला वाटलं असावं की दुसरं मानपत्र येतं आहे.

"पण जागा बदलली हे कळवलं नाही?"

"जागेचं काय एवढं? पट्टी तीच आहे साहेब. तराजू या दुकानातून त्या दुकानात नेला तर किलो बदलतो का?"

कुणी हसलं नाही. हसायची जागा खरं म्हणजे तीच होती. किकोटीनं एकेकाकडं पाहिलं, मग खडकाच्या उंबऱ्याकडं, मग स्वतःच्या पट्टीकडं. त्याच्या चेहऱ्यावर ते हळूहळू उतरत गेलं, डोह उतरतो तसं, आणि एका ठिकाणी थांबलं. साहेबानं कागद मिटले आणि प्यायला पाणी मागितलं. स्कोलानं मक्याची दारू आणली. तो तीही प्यायला.

मळ्याची परवानगी थांबली. पत्रात चूक झाली असं कुठं नव्हतं; फेरमोजणी आवश्यक असल्याने, एवढंच. वाफे राहिले. ऑफिसनं पट्टी उपटून नेली आणि पुलाखाली एक यंत्र टांगलं. ते पाण्याकडं वरूनच बघतं आणि आकडा आकाशातून थेट राजधानीला धाडतं म्हणे. पहिल्या साली त्यात सुगरणीनं घरटं केलं. दुसऱ्या साली त्याचा उन्हावर चालणारा पत्रा नाहीसा झाला, आणि तेव्हापासून खालच्या आळीत एकाचा रेडिओ बॅटरीशिवाय वाजतो. यंत्र त्यानंतर काय धाडतं, देव जाणे. किकोटीचे जुने आकडे काही कुणी खोडले नाहीत. इतक्या वर्षांचे कागद कोण खोडत बसणार? त्यांच्यापुढं शंकेची खूण म्हणून एक छोटी चांदणी काढली, असं ऐकलं. म्हणजे देशाच्या पाण्याच्या बेरजेत स्कोलाचा डोह अजून वाहतो आहे, बारा महिने, दुथडी भरून. एखाद्या परिषदेत कुणी तरी त्याच्यावर बोललाही असेल.

किकोटीचं काम गेलं. रेनकोट राहिला. सभेनंतर पहिल्यांदा तो वाटेत भेटला तेव्हा मी तयारी करून होतो. त्यानं मला नदी आटवणारा म्हणावं, मी त्याला बाकडेमोजणी अधिकारी म्हणणार होतो. तो बाजूला झाला, मान लववली आणि म्हणाला, "शिकामू, गुरुजी."

शिकामू म्हणजे वडीलधाऱ्यांना करायचा नमस्कार. धाकट्यानं थोराला म्हणायचा. माझ्यापेक्षा तो थोडा मोठाच होता. थट्टेच्या सोयऱ्याला तर हा शब्द कुणी म्हणत नाही, तो म्हटला की सोयरीक संपली. राग धरता येत नाही, म्हणून त्यानं मला मान दिला. नमस्काराला ठरलेलं उत्तर असतं, "मराहाबा", ते दिलं आणि पुढं गेलो. त्यानंतर रोज तेच. पिठाच्या गिरणीवर, चर्चच्या दारात, नदीवर. "शिकामू, गुरुजी." इतक्या वाईट शिव्या मी जन्मात खाल्ल्या नव्हत्या. सेमेनीबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, वाफे वाचले ना, मग सोसा.

त्यानं पट्टी डोहात का नेली, हे मी कधी विचारलं नाही. दारूपायी नेली असं मी धरून चाललो, गावही तेच धरून चाललं. मयतात त्याची बायको म्हणत होती की पुराच्या साली पुलाच्या उतरणीवर त्याचा गुडघा गेला होता आणि ते ऑफिसला कळलं तर काम जाईल म्हणून त्यानं कुणाला सांगितलं नाही. खरं असेल. नसेलही. लंगडताना तो मला दिसायचा, मी ते झिंगणं समजत होतो आणि त्यावर माझ्या दोन-तीन बऱ्या थट्टा होत्या.

गेल्या ऑक्टोबरात एका दुपारी तो माझ्या दारात आला. भर उन्हात रेनकोट घातलेला. त्याच्या घरातल्या काड्या संपल्या होत्या, चूल पेटवायची होती. मी आतून काडेपेटी आणून दिली. त्यानं एक काडी ओढली, पेटली नाही. दुसरी ओढली, तीही नाही. त्यानं काडेपेटी नाकाशी नेली, हुंगली, आणि माझ्याकडं बघितलं. फार दिवसांनी सरळ बघितलं.

"ही ओली आहे. गोगोच्या घरात ओलं काही निघालं, हेच नवल."

मला उत्तर सुचलं, आणि तेही तिथल्या तिथं.

"काडेपेटी कोरडीच आहे. तू काडी कुठं टेकवलीस ते आधी बघ, आणि मग आकडा सांग."

तो हसला नाही. काडेपेटी रेनकोटाच्या खिशात घातली आणि शिकामू न म्हणताच वळला.

"उद्या आणून देतो," तो म्हणाला.

"राहू दे," मी म्हणालो, "माझ्याकडं दुसरी आहे."